शाखा कशी आहे ते पाच वाजता कळतं

नागपुरातल्या कुठल्याही मोठ्या बँकेच्या शाखेत जा, किंग्जवे असो, सीताबर्डी असो की इतवारी, आत शिरताच बँकेची मूल्यं छापलेला फलक दिसतो. सचोटी, पारदर्शकता, ग्राहक प्रथम. फलकाशी माझं भांडण नाही. पण नव्याने रुजू झालेल्या क्लार्कला किंवा पीओला (परिविक्षाधीन अधिकाऱ्याला) रोजचं काम कसल्या वातावरणात करायचं आहे, ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी संध्याकाळी पाचपर्यंत थांबावं लागतं. कॅश बंद होताना कोण कोणाशी कसं बोलतं, फरक आला तर आवाज चढतात की दोन माणसं खुर्ची ओढून मदतीला बसतात, यावरून शाखा ओळखावी.

दर वर्षी परीक्षा देऊन विदर्भातली कितीतरी मुलं-मुली सरकारी बँकांत लागतात. ट्रेनिंग सेंटरमध्ये त्यांना सिस्टिमचे मेनू शिकवतात, केवायसीचे नियम शिकवतात. काउंटरवर बसल्यावर पहिल्याच आठवड्यात जे ऐकू येतं ते मात्र कोणी शिकवलेलं नसतं: "अरे, विश्वास नाही का माझ्यावर? कर ना पास." म्हणजे सहकाऱ्याची एन्ट्री न तपासताच मंजूर करायची. माझ्या मते शाखेची कार्यसंस्कृती जवळजवळ सगळी इथेच ठरते. "थांबा, बघून पास करतो" असं म्हटल्यावर समोरचा राग मानतो की नाही, एवढंच पाहायचं. जिथे राग मानत नाहीत ती शाखा चांगली, मग तिथे गर्दी कितीही असो आणि एसी बंद का असेना.

कॅशचा फरक

कॅश जुळणं म्हणजे सिस्टिममध्ये तुमच्या नावावर दिसणारी रोख आणि ड्रॉवरमधली रोख एक असणं. शंभर नोटांची एक गड्डी, दहा गड्ड्यांचं एक बंडल. ५००च्या गड्डीत ५० हजार, बंडलात ५ लाख. मोजणी नोटनिहाय लिहायची, नाणी शेवटी.

फरक आला की नवा कॅशियर घाबरतो आणि सगळ्या नोटा पहिल्यापासून मोजायला घेतो. तसं करू नका. आधी फरकाचा आकडा कागदावर लिहा आणि त्याच्याकडे दोन मिनिटं नीट बघा. बरंचसं तो आकडाच सांगतो.

फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो का, हे पहिलं पाहा. जात असेल तर बहुतेक वेळा चूक नोटांत नसते, टायपिंगमध्ये असते. स्लिपवर ४,५०० होते आणि एन्ट्री ५,४०० ची पडली, की ९०० कमी दिसतात. शून्य गळलं तरी हेच होतं: १०,००० भरून घेतले, एन्ट्री १,००० ची केली, की ड्रॉवरमध्ये ९,००० जास्त. दुसरं, फरकाचं अर्धं करून पाहा. १२ हजार कमी येत असतील तर ६ हजारांचं व्हाउचर शोधा. पैसे दिले आणि एन्ट्री मात्र जमेची झाली, की फरक नेमका दुप्पट येतो. तिसरं, ४०० किंवा ३०० कमी असतील तर १०० किंवा २००च्या जागी ५००ची नोट गेलेली असण्याची शक्यता मोठी. नेमके ५०० कमी असतील तर गड्डीत ९९ नोटा घेऊन बसला असाल, आणि मग ५००च्या गड्ड्याच तेवढ्या मशीनवर परत घाला, एकदा सरळ, एकदा उलट बाजूने. पावसाळ्यात भाजीवाल्यांकडून आलेल्या नोटा ओलसर असतात, एकमेकींना चिकटतात, मशीन अडतं आणि मोजणी मध्येच तुटते. अशा नोटा सुट्या करून हातानेच मोजाव्या.

एवढ्यानेही सापडलं नाही तर व्हाउचर आणि सिस्टिमची यादी घेऊन दोघांनी बसायचं. एकाने व्हाउचर वाचायचं, दुसऱ्याने यादीवर खूण करायची. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही, म्हणून वाचणारा माणूस दुसराच हवा. त्यानंतर सीसीटीव्ही, तोही सगळा दिवस पाहत बसू नका, फक्त मोठ्या पेमेंटच्या वेळा काढून पाहा. साधारण साडेतीन ते चारच्या दरम्यानच्या पेमेंटपासून सुरुवात करा. रांग लांब असते, हात थकलेला असतो, शेजारून कोणीतरी "दादा, एवढं पासबुक छापून दे ना" म्हणत असतं, आणि चूक त्याच वेळी होते.

आता यातली संस्कृती. तूट निघाली आणि सापडली नाही तर ती भरावी कॅशियरलाच लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण भरण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे तूट म्हणून नोंद करून, ब्रँच मॅनेजरला सांगून भरणं. दुसरा म्हणजे कोणाला न सांगता खिशातून दोनशे टाकणं आणि कॅश जुळली असं म्हणणं. दुसरा मार्ग सोपा वाटतो, सीनियरही "टाक ना बाप्पा, विषय संपव" म्हणतात. त्यातून पुढची सवय लागते: एखाद्या दिवशी ३०० जास्त निघाले की ते 'उद्याच्या तुटीसाठी' ड्रॉवरच्या कोपऱ्यात ठेवायचे. अचानक तपासणी आली आणि ते ३०० सापडले, की उत्तर देता येत नाही. बँकेच्या हिशेबात जास्तीची कॅश तुटीइतकीच गंभीर असते, कारण ती कोणा तरी ग्राहकाची असते. जास्तीचे पैसे त्याच दिवशी त्यासाठीच्या वेगळ्या खात्यात जमा करा आणि नोंद ठेवा. दोन दिवसांनी कळमन्याचा एखादा अडतदार पासबुक घेऊन येतो, त्याचे पैसे नोंदीसह परत देता येतात. ज्या शाखेत फरक बिनधास्त सांगता येतो, तिथे फरक कमी येतात. हा योगायोग नाही, चूक उघड झाली की ती कुठल्या वेळी आणि कशी होते ते दिसतं आणि मग जागा बदलून, माणूस वाढवून ती थांबवता येते.

बनावट नोटेबद्दलही हेच. एखादी म्हातारी पाचशेच्या चार नोटा घेऊन येते, त्यातली एक खोटी निघते. दया येऊन ती नोट तिच्या हातात परत देणारे कॅशियर आहेत, माणूस म्हणून ते समजतंही. पण रिझर्व्ह बँकेचा नियम अगदी स्पष्ट आहे: बनावट नोट परत करायची नाही. तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करायची, पावती द्यायची, पावतीवर नोट आणणाऱ्याची सही घ्यायची. त्याने सही नाकारली तरी पावती तयार करायचीच. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा निघाल्या तर महिन्याच्या शेवटी पोलिसांना एकत्रित अहवाल जातो, पाच किंवा जास्त निघाल्या तर लगेच एफआयआर. त्या म्हातारीला हे नीट समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मागच्या रांगेचा दबाव सहन करून तिला देणं, आणि तेवढ्यात मॅनेजरने केबिनमधून उठून काउंटरशी येऊन उभं राहणं, याला मी चांगली शाखा म्हणतो.

पासिंग आणि आयडी

बँकेतला प्रत्येक व्यवहार दोन हातांतून जातो, एक एन्ट्री करणारा, दुसरा पास करणारा. मेकर आणि चेकर. कागदावर ही पद्धत भक्कम आहे. ती मोडते ती नेहमी एकाच प्रकारे: चेकर उठून गेलेला असतो, त्याची स्क्रीन उघडी असते, आणि मेकरच तिकडे जाऊन बटण दाबतो. किंवा चेकर म्हणतो, "माझा पासवर्ड तुला माहीत आहे ना, तूच टाक." बोटाचा ठसा मागणारी मशीन आल्यापासून हे कमी झालं, संपलं नाही. ठसा देऊन उघडलेली स्क्रीन तशीच सोडून चहाला जाणं म्हणजे पासवर्ड देणंच आहे. उठताना स्क्रीन लॉक करा. शेजारच्या टेबलावर जायचं असेल तरी करा. सुरुवातीला लोक पाहतात, चार दिवसांनी कोणी पाहत नाही.

चेक पास करताना काय पाहायचं ते एकदा हळू करून बघा. तारीख, आणि ती तीन महिन्यांच्या आतली आहे ना. आकड्यातली आणि अक्षरातली रक्कम. खोडाखोड. खाते क्रमांक आणि नाव दोन्ही, कारण नुसत्या क्रमांकावर विसंबलं की एक आकडा इकडचा तिकडे होतो आणि पैसे भलत्याच माणसाला जातात. मग सही, स्क्रीनवरच्या नमुन्याशी ताडून. शेवटी पेमेंट थांबवण्याची सूचना किंवा लिअन (खात्यातली रक्कम अडवून ठेवल्याची नोंद) आहे का. सवय झाली की या सगळ्याला वीस-पंचवीस सेकंद लागतात. सहीचा नमुना मोठा करून पाहायला आणखी पाच. एवढे सेकंद कोणी देत नसेल तर तो घाईत असतो म्हणून देत नाही असं नेहमी नसतं. बरेचदा ज्याने एन्ट्री केली तो वीस वर्षं सीनियर असतो आणि त्याच्यासमोर नमुना उघडणं म्हणजे त्याचा अपमान असं नव्या अधिकाऱ्याला वाटतं.

सीनियर क्लार्ककाकांना शाखेत मान असतोच आणि असावाच. कुठलं खातं कोणाचं, कुठला ग्राहक खरं बोलतो, कोणत्या कर्जाची फाइल कोणत्या कपाटात आहे, हे त्यांनाच माहीत असतं. म्हणून त्यांच्याशी पहिल्याच दिवशी बोलून टाका: "काका, तुमचं व्हाउचर मी सगळ्यांसारखंच पाहणार, वाईट वाटून घेऊ नका." मनाने मोठा असलेला सीनियर हे ऐकून खूश होतो, कारण उद्या काही झालं तर चौकशीतून तोही सुटतो. आणि ज्याला हे ऐकून राग येतो, त्याचं व्हाउचर दोनदा पाहा.

ब्रँच मॅनेजर केबिनमधून ओरडून सांगतात, "ते कर्ज आज वाटप करून टाक, कागद उद्या येतात." अशा तोंडी आदेशाचं काय करायचं? अधिकाऱ्यांच्या आचरण नियमांतच लिहिलं आहे की वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी असावा, आणि तोंडी दिलाच तर वरिष्ठांनी तो लगेच लेखी कायम करावा. नियम तुमच्या बाजूचा आहे. पण नियमाचं पुस्तक तोंडावर फेकू नका, त्याने संबंधच बिघडतात. दोन ओळींचा मेल पुरे: आपण सांगितल्याप्रमाणे अमुक खात्यात आज वाटप करत आहे, तमुक दोन कागद यायचे आहेत, कृपया संमती कळवावी. दहापैकी बऱ्याच वेळा हा मेल गेल्यावर केबिनमधून उत्तर येतं की राहू दे, उद्याच कर. तुम्ही नकार दिला नाही, त्यांनीही माघार घेतली नाही, आणि कागद आल्याशिवाय पैसे गेले नाहीत.

चाव्या, आणि जो कधीच सुट्टी घेत नाही तो

तिजोरीला दोन चाव्या, दोन माणसांकडे. एक कॅशची जबाबदारी असलेल्याकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोन्ही चाव्या एका माणसाच्या हातात पाच मिनिटांसाठीही नकोत, एवढाच त्या व्यवस्थेचा अर्थ आहे. ती बिघडते सकाळी. एकाची मुलाच्या शाळेत मीटिंग असते, तो आदल्या संध्याकाळी चावी दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून जातो आणि म्हणतो, उघडून घे. यात चोरी नसते, वाईट हेतूही नसतो. पण त्या दिवशी तिजोरीत एक गड्डी कमी निघाली तर दोघांपैकी कोणालाच आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करता येत नाही. चावी द्यायचीच असेल तर ज्याला अधिकार आहे त्याला, चावी रजिस्टरमध्ये तारीख, वेळ आणि दोन्ही सह्या घालून, आणि देण्याआधी रोख दोघांनी मिळून मोजून. जास्तीत जास्त अर्धा तास जातो.

सुट्टीबद्दल नागपूरकरांचं एक कौतुक असतं: "आमचे साहेब गेल्या तीन वर्षांत एक दिवस गैरहजर नाहीत." मला ते ऐकून काळजी वाटते. माणूस प्रामाणिक असेल तर तो थकतो, आणि थकलेला चेकर सही पाहत नाही. माणूस अप्रामाणिक असेल तर सुट्टी न घेणं हीच त्याची गरज असते, कारण त्याच्या टेबलावर दुसरा बसला की लपवलेलं वर येतं. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ मध्ये यासाठीच सूचना काढल्या: संवेदनशील जागांवर काम करणाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस, आधी न कळवता, सक्तीची रजा द्यायची, आणि त्या काळात त्यांनी आपल्या कामाच्या सिस्टिममध्ये शिरायचं नाही. आधी न कळवता हे शब्द महत्त्वाचे आहेत. पण काही शाखांत तारीख महिनाभर आधी सांगून टाकतात, आणि रजेवर गेलेल्याला रोज पाच फोन करतात. मग त्या रजेला काही अर्थ उरत नाही. कोणी या रजेवर असेल तर त्याला कामासाठी फोन करू नका, जे अडलं ते अडलं म्हणून लिहून ठेवा. तेच तर शोधायचं असतं.

सातची व्हीसी

ग्राहकांचे दरवाजे बंद झाले की बँकेचा दुसरा दिवस सुरू होतो, रीजनल ऑफिसच्या व्हीसीचा, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सचा. बचत आणि चालू खात्यांतली ठेव, किरकोळ कर्ज, विमा, वसुली. प्रत्येक शाखेचा आकडा स्क्रीनवर. यात ओरडणारे वरिष्ठ असतात आणि समजून घेणारेही असतात, ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात एक कागद असतो. व्हीसीच्या आधी त्यावर चार आकडे लिहा: कालची पातळी, आजची पातळी, मंजूर झालेलं पण वाटप न झालेलं कर्ज, आणि ६१ ते ९० दिवस थकलेल्या कर्जखात्यांची संख्या. विचारल्यावर हेच सांगा. "उद्या पाच करतो सर" हे वाक्य घाबरून तोंडातून निघतं, ते तिकडे लिहून घेतलं जातं, आणि उद्या त्याच पाचवरून विचारतात. दोन होणार असतील तर दोनच सांगा.

टार्गेटचा ताण खरा आहे आणि त्यातून होणाऱ्या चुकाही ठरलेल्या आहेत. मेमध्ये प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २० रुपये आणि जीवन ज्योतीचे ४३६ रुपये खात्यातून कापले जातात. फॉर्मवर ग्राहकाची सही असेल तर ठीक. कॅम्पच्या नावाखाली यादी अपलोड करून पैसे कापले असतील तर जूनमध्ये एखादा रिक्षावाला पासबुक घेऊन येतो आणि विचारतो, "साहेब, माह्ये चारशे छत्तीस कशाचे कापले?" त्याच्यासाठी ती एक-दोन दिवसांची कमाई असते. योजना चांगल्या आहेत, दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे, नीट सांगितल्या तर लोक आनंदाने घेतात. सांगायला प्रत्येकी तीन मिनिटं लागतात, आणि टार्गेट ठरवताना ती तीन मिनिटं कोणी धरलेली नसतात. माझी तक्रार एवढीच आहे. विमा खपवणाऱ्या कर्मचाऱ्याला वाटतं की यावर आपला इन्सेंटिव्ह अवलंबून आहे. पण नोव्हेंबर २०२० च्या अकराव्या द्विपक्षीय करारात, म्हणजे युनियन आणि बँका यांच्यातल्या पगाराच्या करारात, आलेला इन्सेंटिव्ह पूर्ण बँकेच्या ऑपरेटिंग नफ्याच्या वाढीवर ठरला होता: वाढ ५ ते १० टक्के असेल तर ५ दिवसांचा पगार, १० ते १५ टक्के असेल तर १० दिवसांचा, त्याहून जास्त असेल तर १५ दिवसांचा. तुम्ही न विचारता कोणाच्या खात्यातून ४३६ कापल्याने त्यात काही फरक पडत नाही.

मार्चएंडचं दुसरं दुखणं म्हणजे ३१ तारखेला ठेव फुगवणं. ओळखीच्या व्यापाऱ्याला विनंती करायची, दोन दिवस पैसे ठेवा. त्या दिवशी आकडा सुंदर दिसतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पैसे जातात, आणि पुढच्या वर्षीचं टार्गेट मात्र ३१ मार्चच्या त्या फुगलेल्या आकड्यावर बांधलं जातं. शाखा वर्षभर त्याच्या मागे धावते. विलीनीकरणांनंतर शाखा मोठ्या झाल्या, तसं हे ओझंही मोठं झालं. शिवाय १ एप्रिल २०२० ला एकत्र आलेल्या बँकांत अजूनही एखाद्या शाखेत डबा खाताना दोन टेबलं दिसतात, मूळच्या या बँकेचे आणि मूळच्या त्या बँकेचे. नव्याने लागलेल्यांना या इतिहासाशी देणंघेणं नसतं. त्यांनी दोन्ही टेबलांवर बसावं.

वसुलीत मात्र लवकर केलेला एक फोन फार काम करतो. हप्ता थकल्याचे पहिले ३० दिवस, मग ३१ ते ६०, मग ६१ ते ९०, आणि ९० ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. बहुतेक शाखा ८०व्या दिवशी जाग्या होतात. ३५व्या दिवशी फोन केला तर माणूस खरं कारण सांगतो, बुटीबोरीतला कारखाना दोन पाळ्यांवरून एकावर आला, घरात आजारपण आहे. ८५व्या दिवशी तो फोनच उचलत नाही.

गावाकडच्या शाखा

काटोल, नरखेड, सावनेर, उमरेड, भिवापूर, रामटेक. नागपूर शहरातला मुलगा तिकडे पोस्टिंग मिळालं की हिरमुसतो, पण काम शिकायला त्याहून चांगली जागा नाही. तिथे मार्च म्हणजे 'नवं-जुनं'. शेतकरी पीककर्ज भरतो आणि लगेच नव्या हंगामाचं उचलतो. मुदतीत भरलं तर ३ लाखांपर्यंतच्या कर्जावर केंद्राची तीन टक्के सवलत मिळते आणि व्याज चार टक्क्यांवर येतं, त्यावर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे. म्हणजे ३१ मार्चची तारीख चुकणं शेतकऱ्याला थेट पैशात लागतं. बरेच जण भरायचे पैसे दोन-चार दिवसांसाठी कोणाकडून तरी उसने आणतात. तुमच्याकडून नूतनीकरण आठ दिवस लांबलं तर त्या उसन्यावर चढणारं व्याज तुमच्या टेबलामुळे चढतं. म्हणून फेब्रुवारीतच सातबारा, आठ-अ, केवायसी तपासून फायली तयार ठेवा, ज्यांचं आधार किंवा मोबाइल जुळत नाही त्यांना आधी बोलवा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हरही हळू असतो आणि माणसंही थकलेली.

परराज्यातून आलेले अधिकारी अशा शाखांत एकटे पडतात. नागपूर शहरात हिंदीवर निभावतं, गावात "मले पैसे काहाडाचे हायेत" याला उत्तर देता आलं पाहिजे. त्यांना शेजारी बसवून रोज दहा वाक्यं शिकवणं हे स्थानिक क्लार्कचं काम नाही, पण ज्यांनी ते केलं त्या शाखांत भांडणं कमी झाली. तेलुगू किंवा भोजपुरी बोलणारा तरुण अधिकारी "बसा काका, पाहतो" म्हणाला की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो.

शहरात याचं दुसरं रूप नोव्हेंबरमध्ये दिसतं. नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, दोन्हींचे विभाग आहेत, वेकोलिचं (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं) मुख्यालय आहे, अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. पेन्शनर खूप. हयातीचा दाखला द्यायला नोव्हेंबर, ऐंशी ओलांडलेल्यांना ऑक्टोबरपासून. आयुष्यभर हाताने काम केलेल्या माणसाच्या बोटावरच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन ठसा घेत नाही, आणि तो पुन्हा पुन्हा बोट दाबत, घाबरून विचारतो, "म्या जिता नाही का बाबू?" अशा वेळी बोट सोडा, मोबाइलवर चेहऱ्याने प्रमाणीकरण करा, खिडकीच्या उजेडात बसवून, चष्मा काढून. एक टेबल दाराजवळच लावा म्हणजे त्यांना जिना चढावा लागत नाही. या टेबलावर रोज सर्वांत नव्या माणसालाच बसवत असतील तर बदला, आळीपाळीने बसवा.

मेमो आला तर

मेमो म्हणजे शिक्षा नव्हे, चुकीबद्दलची लेखी विचारणा आहे. उत्तर रागात किंवा त्याच रात्री लिहू नका. मुदत पाहा, कमी असेल तर वाढवून मागा, आणि ज्या कागदांवर आरोप आहे त्यांच्या प्रती आधी मागा. उत्तरात फक्त जे विचारलं त्याचं उत्तर द्या. दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापेक्षा तुम्ही त्या दिवशी काय पाहिलं, कोणत्या आयडीने काय झालं, मेल कुठला आहे, हे तारखेनिशी लिहा. युनियनच्या जुन्या पदाधिकाऱ्याला मसुदा दाखवा. युनियनचा उपयोग पगारवाढीपुरता नसतो, मार्च २०२४ च्या करारातल्या १७ टक्क्यांची चर्चा सगळे करतात, पण मेमोचं उत्तर वाचून एक वाक्य खोडणारा माणूस त्याहून जास्त उपयोगी पडतो. महिला कर्मचाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. "शाखेतच मिटवू" असं कोणी म्हणालं तरी ही मुदत थांबत नाही.

आणि बदली. अधिकाऱ्याची साधारण तीन वर्षांनी होतेच. चार्ज देताना निरोपसमारंभाच्या घाईत यादीवर सही करून मोकळे होऊ नका. चाव्या, कर्जाचे मूळ दस्तऐवज, कोऱ्या चेकबुकांचा आणि डीडीचा साठा, सस्पेन्स खात्यात (हिशेब न लागलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात) पडून असलेल्या एन्ट्र्या, सगळं घेणाऱ्यासमोर मोजून, न जुळणारं न जुळणारं म्हणूनच लिहून द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. हारतुरे झाल्यावर, बाहेर पडण्याआधी, तुमचा युजर आयडी त्या शाखेतून निघाला का ते स्क्रीनवर स्वतः पाहा.